नऊ नंबर, तेरा नंबर

शोकपत्रात बकऱ्या चौदाच होत्या.

ताक मिऑकनं चष्मा कमरेच्या फडक्याला पुसला, कागद खिडकीपाशी नेला आणि पुन्हा वाचलं. उंदीर तीनशे चाळीस, ससे बासष्ट, बकऱ्या चौदा. दरवर्षी ऑक्टोबरातल्या शेवटच्या शुक्रवारी वोन्जू शहरातल्या विद्यापीठात, प्राणिगृहामागच्या शिळेपुढे, वर्षभरात प्रयोगांत मेलेल्या जनावरांचा स्मरणविधी व्हायचा. तिथं वाचायचं शोकपत्र मिऑक आपल्या हातानं, कुंचल्यानं, पांढऱ्या कागदावर उतरून द्यायची. अक्षर वळणदार म्हणून हे काम तिच्याकडे आलं, आणि अकरा वर्षं त्या जनावरांची उस्तवार तीच करत होती म्हणून तिच्याकडेच राहिलं. विधी उद्यावर आला होता.

"जीसू, हे टाइप कुणी केलंय? दोन बकऱ्या गिळल्या की त्यानं."

कागद घेऊन आलेली ब्योन जीसू दारातच थांबली होती. वय एकतीस. प्राध्यापक नामगुंग यांच्या हाताखाली पीएचडीसाठी सात वर्षं राबलेली. गुडघ्यात टोचायचं ते हायड्रोजेल निम्मं तिनंच घडवलं होतं. सिरिंजमध्ये थंड असेपर्यंत ते पाण्यासारखं पातळ, आणि झिजलेल्या गादीच्या खड्ड्यात सोडलं की अंगाच्या उबेनं चार-पाच मिनिटांत खरवसासारखं धरायचं. मग त्याच्या आधारानं वर कूर्चा भरून यायची आणि खाली हाड. निदान यावी अशी अपेक्षा होती.

"टायपिंगची चूक नाही, ताकबाई. सरांनीच चौदा सांगितलंय."

"चौदा कशा? सोळा आल्या होत्या. सोळाजणींच्या मागच्या उजव्या गुडघ्याला तुम्ही खड्डा पाडलात, सोळाजणींना जेल टोचलंत. भूल उतरेपर्यंत एकेकीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आणि मे महिन्यात शेवटची सुई दिलीत तेव्हा सोळाजणींचे कान मीच धरले होते. मला मोजायला शिकवू नकोस."

"शोधनिबंधात चौदा आहेत."

"आणि नऊ नंबर? तेरा नंबर?"

जीसूनं फरशीवरच्या एका डागाकडे बघत उत्तर दिलं. "त्या वगळल्या. ऑपरेशनच्या आधीपासून खूर सडलेलं होतं म्हणून. तशी नोंद आहे."

मिऑकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खूर सडायला गोठा ओला आणि घाण असावा लागतो. तिच्या गोठ्यात भुसा दिवसातून दोनदा बदलला जायचा, आणि बकऱ्यांची खुरं ती स्वतः महिन्याला कोरायची. स्वतःच्या पायांची नखं वाढलेली तिला चालायची, बकऱ्यांची नाही. नोंद बघायला ती हातातला कागद तिथंच टाकून तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात गेली. जीसू मागोमाग आली.

फाइल सापडायला वेळ लागला नाही. खोटं लिहिणारे लोक नीटनेटके असतात. नऊ नंबर: पुढच्या डाव्या पायाचं खूर सडलेलं, शस्त्रक्रियेपूर्वीच लंगडत होती. तेरा नंबर: तेच. तारीख गेल्या वर्षीची, शाई मात्र ताजी. आणि खाली, 'निगा राखणाऱ्याचा शिक्का' या चौकटीत, लाल गोल ठसा. ताक मिऑक.

सहीऐवजी मारायचा तो शिक्का तिचाच होता. स्टेशनरीच्या दुकानात पाच मिनिटांत कोरून मिळतो तसा लाकडी, स्वस्तातला. नोकरीला लागली त्या आठवड्यात तिनं तो ऑफिसात देऊन टाकला होता. सगळेच देतात. कडब्याचं पोतं आलं, रजेचा अर्ज आला की दर वेळी तीन मजले कोण चढणार? ऑफिसातलं माणूस ड्रॉवर उघडतं, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून ज्याचा त्याचा शिक्का शोधतं आणि उमटवून मोकळं होतं. त्या इमारतीतल्या झाडून सगळ्यांची नावं त्या डब्यात पडलेली असायची, आणि अकरा वर्षांत कुणालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. मिऑकलाही नाही.

"कुणी मारला हा?"

"ऑफिसातून... कुणीतरी," जीसू पुटपुटली.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. ज्यानं कुणी ही ओळ रचली त्यानं सडक्या खुराची बकरी जन्मात पाहिली नव्हती. पुढचं खूर सडलं की बकरी चारा खाताना पुढचे दोन्ही गुडघे जमिनीला टेकते. नऊ नंबर कधीच तशी टेकली नाही. मिऑक रोज सकाळी दिवा लावायच्या आधी दारात उभी राहून बघायची, कोण कसं उठतंय, आधी कुठल्या पायावर भार टाकतंय, आणि वहीत एकेक ओळ लिहायची. जेल टोचल्यावर पहिले वीस दिवस सोळाही जणी बऱ्या उठत होत्या. एकविसाव्या दिवशी नऊ नंबरनं मागचा उजवा पाय पोटाखाली ओढला आणि ती तीन पायांवर उभी राहिली. चार दिवसांनी तेरा नंबरनं तेच केलं. मे महिन्यात कापून पाहिलं तेव्हा दोघींच्याही गुडघ्यात जेलचा गठ्ठा जागा सोडून सांध्यात भरकटलेला होता, आणि जिथं तो बसायला हवा होता तिथलं खालचं हाड पोखरलेलं होतं. मिऑकची करंगळी पेरभर आत गेली असती. त्या टेबलाशी मिऑक होती, जीसू होती आणि नामगुंग सरही होते.

"मी सरांना म्हटलं होतं," जीसू खालच्या आवाजात बोलायला लागली. "म्हटलं, या दोघींतच का सुटलं ते आधी शोधू. चौदाजणींनी आपल्याला हवं तेच सांगितलंय. नवीन काही सांगणार होत्या त्या याच दोघी."

"मग?"

"वेळ नाही म्हणाले."

"आणि तू मूग गिळून बसलीस."

"माझा प्रबंध फेब्रुवारीत आहे, ताकबाई."

 फाइल काखेत मारून मिऑक थेट सरांच्या खोलीत घुसली.

प्राध्यापक नामगुंग मोठे सालस गृहस्थ. आवाज कधी चढायचा नाही, शिपायालाही 'अहो' म्हणायचे. त्यांनी स्वतः उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि बार्लीचा चहा ओतला. मिऑक बसली नाही.

"सर, माझ्या शिक्क्यावर हे खोटं कुणी लिहिलं?"

"ताकबाई, ती एक तांत्रिक बाब आहे हो."

"माझ्या गोठ्यात खूर सडत नाही. तुम्ही कधी खाली उतरून पाहिलंत तर कळेल ना."

"तुमच्या कामाबद्दल कुणाच्याही मनात शंका नाही. म्हणून तर डिसेंबरात तुम्हाला कायम करण्याचा कागद मी स्वतः पुढे पाठवतोय." हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं की धमकी कुठं संपली आणि प्रेम कुठं सुरू झालं ते कळू नये. "आणि हे बघा, उद्या जेल बनवणाऱ्या कंपनीची माणसं येतील, मंत्रालयातून येतील. त्यांच्या हातात निबंध असणार. निबंधात चौदा आणि शिळेपुढे सोळा, हे बरं दिसेल का? तसं पाहिलं तर विधी असतो तो संशोधनासाठी जीव दिलेल्यांचा. त्या दोन संशोधनात धरलेल्याच नाहीत."

"मग त्या मेल्या कशासाठी?"

सरांनी कप खाली ठेवला. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जरा धार आली. "बाहेर म्हाताऱ्या माणसांना जिना चढवत नाही, संडासात बसवत नाही. नऊ वर्षं मी या जेलच्या मागे आहे. दोन बकऱ्यांसाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं म्हटलं तर आणखी तीन वर्षं. तेवढ्यात किती गुडघे जातील, याचा कधी विचार केलात? आणि पहिली पेशंट तर आपल्या घरचीच आहे. गेटसमोरची सूपवाली मावशी. मंगळवारी सकाळी टोचणार आहोत. तुम्हाला आनंद व्हायला हवा."

 बोकसूनताईचं नाव मिऑकला कुणी सांगितलं नव्हतं.

को बोकसून गेली तीस वर्षं विद्यापीठाच्या गेटसमोर सूप विकत होती. एकसष्ट वर्षांची, आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जाणारा. तिच्याकडे एकच सूप मिळायचं, बैलाच्या गुडघ्याची कूर्चा रात्रभर उकळून केलेलं. ते प्यायलं की माणसाचे गुडघे धड राहतात असं सगळं गाव मानायचं, आणि तीस वर्षं त्या पातेल्याशी उभं राहून तिच्या स्वतःच्या उजव्या गुडघ्याची गादी पार गेली होती. यावर सगळ्यात जास्त विनोद तीच करायची. पोरं तिला मावशी म्हणायची, मिऑक ताई म्हणायची.

मिऑक पोहोचली तेव्हा जेवणाची वेळ टळत आली होती, तरी दोन टेबलं भरलेली होती.

"आलीस का गं? जेवलीस? तोंड बघ कसं झालंय, शिळ्या मुळ्यासारखं. बस."

"ताई, मला जरा बोलायचंय."

"आधी खा, मग बोल. उपाशी माणसाशी मी बोलत नाही." बोकसूननं सूप समोर आदळलं, वर मूठभर कांद्याची पात टाकली आणि एक हात टेबलावर रेटून हळूहळू बाकावर बसली. बसताना तिचं तोंड वाकडं झालं. मग ती पुढे झुकली. "कळलं ना तुला? मंगळवारी! सर म्हणाले, एक सुई, पाच मिनिटं, झालं. सहा आठवडे पाय जपायचा. पुढच्या वर्षी किमचीचं लोणचं घालायच्या वेळी मी उकिडवी बसणार बघ. दोन वर्षं झाली, माझी जाऊ एकटीनं दोनशे कोबी मिठात घालते आणि मला म्हणते, 'वहिनी, तुम्ही आपल्या खुर्चीवर बसून नुसता हुकूम करा.' तिच्या त्या हसण्यावर कोबी फेकून मारावासा वाटतो."

"ताई, तुम्ही सरांना सगळं विचारलंत का? त्यात धोका काय, कुणाला काय झालं?"

"मी कशाला विचारू?" बोकसून मोठ्यानं हसली. "ते काय सांगणार, इंग्रजीत बडबडणार. मी एवढंच विचारलं, बकऱ्या कुणी सांभाळल्या? म्हणाले, ताकबाईंनी. म्हटलं, मग झालं तर. मिऑकच्या हाताखालची जनावरं, त्यात लबाडी असायची नाही. तिथंच अंगठा, शिक्का, सही, जे म्हणाल ते दिलं."

शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी टाळ्या पिटल्या.  सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. पण हे सांगणं म्हणजे या बाईच्या तोंडावर म्हणणं, की ज्या नावावर तुम्ही पाय पुढे केलात त्याच नावाखाली तुम्हाला फसवलंय. मिऑकनं मान खाली घातली, सूप संपवलं, 'उद्या विधीला या' एवढंच बोलली आणि उठली. आपणही भित्रेच निघालो, हे रस्ता ओलांडताना तिला कळलं, आणि सरांवरचा राग आता तिला स्वतःवरही यायला लागला.

परत येऊन तिनं शाई घोटली. शोकपत्र नेहमीपेक्षा सावकाश लिहिलं. उंदीर तीनशे चाळीस, ससे बासष्ट, बकऱ्या सोळा. तिचा हिशेब साधा होता. कुंचल्यानं लिहिलेलं, मेलेल्यांपुढे उलगडलेलं शोकपत्र जसं आहे तसंच वाचायचं असतं. घरच्या श्राद्धालासुद्धा कुणी त्यातली मात्रा बदलत नाही. सर कितीही धूर्त असोत, शिळेपुढे उभं राहून ते लिहिलेलं वगळणार नाहीत. एकदा सोळा उच्चारलं गेलं की कंपनीवाले विचारतील, सोळा कशा, आणि मग पुढचं आपोआप होईल. आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. खरं तर हीच तिची पळवाट होती.

शुक्रवारी अकरा वाजता शिळेपुढे टेबल मांडलं होतं. गवताच्या पेंढ्या, गाजरं, सफरचंदं, खाद्याच्या गोळ्यांची परात, पांढरी शेवंती. काळ्या कपड्यांत चाळीसेक माणसं रांगेत उभी होती. पुढे डीन, त्यांच्या बाजूला कंपनीचे तिघं आणि मंत्रालयातले दोघं. बोकसूनला पहिली पेशंट म्हणून पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती. ती केस विंचरून, काळं जाकीट घालून आली होती आणि एवढ्या साहेबलोकांत बसवलं म्हणून जरा ताठली होती.

प्राध्यापक नामगुंग पुढे झाले, तीनदा वाकले आणि शोकपत्राची गुंडाळी उलगडली. आवाज गंभीर, संथ. तुमच्या देहांवर आमचं ज्ञान उभं आहे. तुमच्या वेदनेचं ऋण आम्ही विसरणार नाही. उंदीर तीनशे चाळीस. ससे बासष्ट. इथं त्यांचे डोळे अर्धा क्षण कागदावर थांबले. मिऑक तीन हातांच्या अंतरावर उदबत्तीचं भांडं घेऊन उभी होती, तिला ते नीट दिसलं.

"बकऱ्या चौदा," ते म्हणाले आणि पुढच्या ओळीवर गेले.

 माणूस निबंधात खोटं लिहितो, फाइलीत लिहितो, ते एकवेळ समजता येतं. पण समोर सोळा लिहिलेलं दिसत असताना, ज्यांना मारलं त्यांच्याच शिळेपुढे, आवाजात तसूभरही फरक न पडता हा माणूस चौदा म्हणू शकतो, हे मिऑकच्या डोक्यात मावेना. पुढचं 'शांती लाभो' वगैरे तिला ऐकूच आलं नाही.

"सर," ती मोठ्यानं म्हणाली. "तिथं सोळा लिहिलंय."

रांगा हलल्या. कुणीतरी खोकलं. सरांनी गुंडाळी मिटली आणि पाहुण्यांकडे वळून ते खिन्नसं हसले.

"आमच्या ताकबाई. जनावरांवर फार जीव. दरवर्षी या दिवशी त्यांना आवरत नाही."

आणि पाहुण्यांनीही तशीच मान हलवली. बिचारी, अशी. ती मान हलवणं बघितलं आणि मिऑकचा उरलासुरला धीर, भीती, डिसेंबरचा कागद, सगळं एकदमच सुटलं.

"मला काही आवरायचं नाहीये!" ती ओरडली. "मी रडायला उभी नाही इथं. सोळा बकऱ्यांना जेल टोचलं. नऊ नंबर आणि तेरा नंबरचं जेल तीन आठवड्यांत सुटलं आणि खालचं हाड पोखरून निघालं. मी पाहिलंय, सर तुम्ही पाहिलंय. आणि आता खूर सडलं होतं म्हणून त्यांना यादीतून काढताय, तेही माझ्या शिक्क्यानं!"

डीन पुढे आले. "ताकबाई, ही जागा नाही."

"मग कुठली जागा? मंगळवारी दवाखान्यात?"

"खूर सडल्याची अधिकृत नोंद आहे," सर शांतपणे म्हणाले. "तुमच्या शिक्क्यासह."

"कुठल्या पायाचं खूर?"

 एवढं साधं होतं ते. आपण कुठल्या पायाला रोग लावला हे सरांना आठवत नव्हतं. त्यांची नजर सवयीनं मागच्या रांगेकडे गेली, जिथून दर वेळी उत्तर यायचं.

"पुढच्या डाव्या," जीसू म्हणाली. ती पांढरीफटक पडली होती, पण रांगेतून बाहेर आली. "तुम्ही फोनवर सांगितलंत आणि मी लिहिलं, सर. डब्यातून ताकबाईंचा शिक्का काढून मीच मारला. त्यांना काल कळलं." मग ती मिऑककडे वळून कमरेत वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली.

कंपनीच्या एका माणसानं हातातला निबंध उघडला, मिटला, परत उघडला. मंत्रालयातले दोघं एकमेकांच्या कानाशी लागले. नामगुंग सर काहीतरी बोलत होते, आकडेवारीची रीत, अपवाद, सगळीकडेच असं करतात. तेवढ्यात खुर्ची करकरली.

बोकसून उठत होती. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात रोवून, ओठ आवळून. कुणीतरी मदतीला सरसावलं, त्याला तिनं कोपरानं दूर केलं. उभी राहिल्यावर तिनं जीसूला विचारलं, "पोरी, सोळातल्या किती चालल्या?"

"चौदा, मावशी."

"नीट? उड्या मारत?"

"हो. नीट."

"आणि दोघींचं हाड गेलं."

"हो."

बोकसूननं मान डोलावली. मग ती सरांपुढे जाऊन उभी राहिली. तिच्या आवाजात आरडाओरडा नव्हता, आणि तिला ओळखणाऱ्यांना त्याचीच जास्त भीती वाटली.

"सोळात चौदा. सर, माझ्या दोन्ही गुडघ्यांचा मिळूनसुद्धा एवढा भरवसा नाही. तुम्ही माझ्या दुकानात बसून सांगितलं असतंत, की मावशी, सोळात चौदा चालतात आणि दोन बिघडतात, का बिघडतात ते आम्हाला ठाऊक नाही, तर मी म्हटलं असतं, टोचा. मंगळवारी लंगडत का होईना, पण नाचत आले असते. तुम्हाला काय वाटलं? सूप विकते म्हणून मला सोळातून दोन जात नाहीत?"

"मावशी, तसं नाही—"

"मला बोलू द्या. अकरा वर्षं तुम्ही माझ्याकडे जेवताय, मी तुमच्या वाटीत कधी शिळं वाढलं नाही. आता मला एवढंच सांगा. मंगळवारी तुम्ही ते माझ्या गुडघ्यात घातलं असतंत, आणि माझंही हाड पोखरलं असतं, तर माझं कुठलं खूर सडलं होतं म्हणून लिहिलं असतंत?"

 सरांनी शोकपत्राची गुंडाळी या हातातून त्या हातात घेतली. त्यांचे कान लाल झाले होते. बोकसून उत्तरासाठी बराच वेळ थांबली, अगदी मनापासून थांबली, आणि ते येत नाही हे दिसल्यावर तिनं पाठ फिरवली.

मिऑक धावत तिच्याजवळ गेली आणि तिनं हात पुढे केला. "चला ताई, मी सोडते तुम्हाला."

बोकसूननं त्या हाताकडे पाहिलं, मग मिऑककडे. तिचे डोळे भरून आले होते आणि त्यात माया अजिबात नव्हती.

"आणि तू गं? काल दुपारी माझ्यासमोर बसलीस. सूप प्यायलीस, तळापर्यंत. तुला माहीत होतं."

"ताई, मी सांगणारच—"

"मी तुझ्या नावावर सही केली होती, मिऑक. त्याच्या नाही."

एवढं बोलून ती उताराला लागली. प्राणिगृहापासून गेटपर्यंतची ती वाट चांगलीच उतरती आहे, आणि झिजलेल्या गुडघ्याला चढापेक्षा उतार वाईट. दर पावलाला ती थांबत होती, कठड्याला धरत होती, पुन्हा पाऊल टाकत होती. मागं शिळेपाशी डीन साहेबांनी घसा खाकरून विधी पुढे चालू करायला सांगितलं, आणि माणसं एकेक फूल उचलायला लागली. मिऑक फूल ठेवायला गेली नाही. ती बोकसूनच्या मागे दहा पावलांवर चालत राहिली, कारण त्याहून जवळ गेलं की बोकसून वळून बघायची आणि जागच्या जागी थांबायची.